घोडं मेलेलं नाही, झोपलंय

मार्चमध्ये जरा ऊन पडलं की फोन यायला लागतात. "तुमचं एक घोडं मेलंय. फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला. आडवं पडलंय, हालत नाही." फोन संस्थेच्या ऑफिसात जातो आणि ऑफिस त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याला कळवतं. पाळी माझी असली तर मी बूट चढवते, धापा टाकत टेकडी चढते आणि बघते तो काय, मेलेलं घोडं उठून निवांत चरतंय. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढू शकतं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना अंग टाकावंच लागतं. रात्रभर वाऱ्यापावसात काढल्यावर सकाळी कोवळं ऊन मिळालं की कळपातलं एखादं राखणीला उभं राहतं आणि बाकीची खुशाल कुशीवर पसरतात. पाय ताणलेले, मान गवतावर टाकलेली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, आटोपलं.

फोन करणाऱ्यांवर मी वैतागत नाही. दहातला एखादा फोन खरा निघतो, आणि तो खरा निघतो तेव्हा फार उपयोगी पडतो.

मी मूळची आटपाडीची. ब्रायटनला नोकरीसाठी आले आणि इथंच राहिले. शहराच्या पाठीशी साउथ डाउन्सच्या टेकड्या आहेत. तिथं एक निसर्गसंवर्धन संस्था हिवाळाभर एक्समूर जातीची तट्टं चरायला सोडते. त्यांच्यावर कुणी बसत नाही, त्यांना गाडीला जुंपत नाही. तबेला नाही, खरारा नाही, चंदी नाही, नाल नाही. काम एकच, गवत खाणं. पण मोकळी असली तरी ती रानटी नव्हेत. त्यांना मालक आहे, आणि इंग्लंडच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे त्यांचं अन्नपाणी, त्यांचं दुखणंखुपणं, त्यांना लागणारी सोबत, हे सगळं मालकाच्या गळ्यात आहे. म्हणून रोज कुणीतरी जाऊन त्यांना डोळ्यांखालून घालावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही स्वयंसेवक. पूर्वी या भागात मालकाच्या मेंढ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला 'लुकर' म्हणत, तेच नाव आम्हाला लागलंय.

आता तट्टंच का, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं श्रीमंतांचे चोचले वाटेल. या टेकड्या खडूच्या आहेत. माती बोटभर, तीही निकस. निकस म्हणूनच तिथं कुठलंच एक गवत माजत नाही आणि शेकडो बारक्या वनस्पती दाटीवाटीने राहतात. चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये चाळीसएक जाती सापडतात. हे शतकानुशतकांच्या मेंढ्यांच्या चराईने घडलं. मग मेंढपाळी ओसरली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर बरीच कुरणं नांगराखाली गेली, आणि १९५३ साली इंग्लंडात मिक्सोमॅटोसिसची साथ येऊन पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक ससेही मेले. खाणारं कुणी राहिलं नाही. राठ गवत आणि काटेरी झुडपं पसरली आणि खालची फुलं गुदमरली. अडोनिस ब्लू नावाचं एक झळझळीत निळं फुलपाखरू इथं आहे. त्याच्या अळ्या हॉर्सशू व्हेच या एकाच वनस्पतीवर जगतात, आणि ती वनस्पती उन्हात तापलेल्या, खुरट्या गवतात असावी लागते. गवत वाढलं की जमीन गार पडते आणि फुलपाखरू जातं.

यंत्राने कापून हे साधत नाही. यंत्र सगळं सरसकट कापतं. तट्टाला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, ते जमिनीलगत कुरतडतं, पण सगळीकडे नाही. इथं खाल्लं, तिथं सोडलं, एका कोपऱ्यात लीद टाकायची जागा ठरवली आणि तिकडचं गवत तोंडात धरलं नाही. मेंढी फुलं शोधून शोधून खाते. ही तट्टं हिवाळ्यात राठ गवतावरच ताव मारतात, आणि एक्समूर तर गॉर्सची काटेरी झुडपंसुद्धा चावून खातं. शिवाय जागा बदलत राहावी लागते. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, या आपल्याकडच्या कोड्याचं उत्तर मी एकदा इथल्या व्यवस्थापकाला सांगितलं. त्याने ते ऑफिसातल्या फळ्यावर लिहून ठेवलंय, इंग्रजीत, भाकरीच्या जागी टोस्ट घालून.

लुकर व्हायचं म्हणजे एक अर्ज, एक दिवस प्रशिक्षण, आणि नंतर अनुभवी माणसाबरोबर फेऱ्या. अर्जाचं सोडा. प्रशिक्षण एका जुन्या गोठ्यात होतं. शिकवायला जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते असं: "ज्यांना घोड्यांना हात लावायचाय, त्यांनी आत्ताच घरी जावं." खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. ही तट्टं माणसाला सोकावली की काय होतं, ते त्यांनी सांगितलं. आधी गाजर, मग पिशवीत तोंड, मग बाबागाडीत तोंड. गाजर मिळालं नाही की चावा. चाव्याची तक्रार आली की त्या जनावराला टेकडीवरून काढावं लागतं, आणि ज्याने कधी छप्पर पाहिलेलं नाही अशा पोक्त घोडीला दुसरीकडे ठेवून घेणारं कुणी सहजासहजी मिळत नाही. गाजर देणारा मात्र समाधानाने घरी गेलेला असतो.

त्यामुळे तीसेक पावलांवरून बघायचं. ती जवळ आलीच तर आपण बाजूला सरायचं. दुर्बीण, वही, फोन आणि करंटच्या तारेचा मीटर, एवढं सामान. आधी शांत उभं राहून सगळा कळप एकदम बघायचा. कोण कुणाजवळ आहे? कुणी एकटं पडलंय का? निरोगी तट्टू कळपापासून फार लांब जात नाही, एकटं उभं असेल तर तिथूनच चौकशी सुरू करायची. मग मोजायचं. मग एकेकाला हालताना बघायचं. उभ्या जनावराचं लंगडणं दिसत नाही, म्हणून ते चार पावलं टाकेपर्यंत थांबायचं, मग पाऊस असो की वारा. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, खोकला, पोट, लीद. त्यानंतर पाण्याचा हौद, कुंपण, फाटकं, आणि लोकांनी टाकलेला कचरा. खडूच्या टेकडीवर ओढा नसतो, सगळं पाणी खाली झिरपून जातं. हौद कोरडा म्हणजे जनावर तहानलेलं. बॉलकॉक अडकलाय का हे बघायला मी दर वेळी त्या बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालते, आणि दर वेळी कळवळते.

मोजायला काय लागतं, असं वाटेल. एक्समूर मोजणं सोपं आहे, ओळखणं महाकठीण. सगळ्यांचा रंग तोच, तपकिरी. नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती पीठ लागल्यासारखी फिकट कडा, तीही सगळ्यांना. जातीच्या नियमाप्रमाणे अंगावर पांढरा ठिपकासुद्धा चालत नाही. कपाळावर चांद नाही, पायात मोजे नाहीत, मग ओळखायचं कशावरून? आम्हाला फोटोंचा एक तक्ता दिलाय. आयाळ कुठल्या बाजूला पडते, कपाळावरचा भोवरा कुठं आहे, कुणाच्या कानाला खाच आहे. सुरुवातीला मी तक्ता हातात धरून ढिम्म उभी राहायचे. मग मी त्यांना आपली नावं दिली आणि काम सोपं झालं. कळपाची म्होरकी आत्याबाई. ती हलली की सगळी हलतात, आणि तिने नुसते कान मागे घेतले की हौदावरची गर्दी पांगते. तिच्या मागे सावलीसारखी असते ती धाकटी. एक आहे तिची आयाळ मधोमध भांग पाडल्यासारखी दोन्हीकडे पडते, ती मास्तरीण. तपासणीच्या फॉर्मवर अर्थातच नंबर लिहायचे असतात. पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आता इंग्रज मंडळीही 'आट्याबाय' लिहायला लागलीत.

खरी कसोटी अंगावरचं मांस ओळखण्याची. त्यासाठी शून्य ते पाच अशी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे मानेवर चरबीचा उंचवटा आणि पाठीच्या मधोमध पन्हळ. मान, बरगड्या, पाठ आणि पुठ्ठे वेगवेगळे बघायचे. पाळीव घोड्याच्या बरगड्यांवर हात फिरवता येतो. आम्हाला हात लावायचा नाही, आणि त्यात एक्समूरचा हिवाळी कोट. आत लोकरीसारखा मऊ थर आणि वर लांब, तेलकट, राठ केस. पाऊस वरच्या वर ओघळतो. बर्फ पडलं तर पाठीवर तसंच साचून राहतं, कारण अंगातली ऊब बाहेर येतच नाही. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा असतो, तो पाणी बाजूला काढून देतो. वरच्या पापणीला मांसल कड असते, तिच्यामुळे डोळ्यांत पाणी जात नाही. एवढं सगळं कौतुक आहे खरं, पण या कोटाखाली वाळलेलं जनावरसुद्धा गुबगुबीत दिसतं. म्हणून मी भर पावसातली पाळी मुद्दाम मागून घेते. केस अंगाला चिकटले की खुब्याची हाडं आणि पाठीचा कणा खरं काय ते सांगतात.

माझी आई हे सगळं व्हिडिओ कॉलवर ऐकत असते. ऑक्टोबरमध्ये मी तिला फोटो पाठवले तेव्हा ती खूश झाली. "कशी टुणटुणीत आहेत गं!" तिला म्हटलं, "आई, तीच तर काळजी आहे. चार नंबरच्या वर गेलीत दोन." जाडी वाढली की लॅमिनायटिसची भीती, म्हणजे खुराच्या आतला नाजूक थर सुजतो आणि जनावर पुढचे पाय पुढे ताणून सगळा भार टाचांवर घेतं. या रोगाने घोडी कायमची जायबंदी होतात, काहींना मारावंही लागतं. वसंतातलं गोड गवत आलं की धोका सगळ्यात जास्त. म्हणून ही तट्टं हिवाळ्यात थोडी उतरायलाच हवीत. उन्हाळ्यात चढायचं, हिवाळ्यात उतरायचं, हेच त्यांच्या शरीराचं वळण आहे. मार्चअखेरीस अडीचवर असलेलं तट्टू आम्हाला आदर्श वाटतं.

फेब्रुवारीत आईने पुन्हा बघितली. "अगं, उतरली की! एवढ्या थंडीत उघड्यावर? निदान झूल तरी घाला त्यांच्यावर. आणि काही खायला घालत नाही का गं तुम्ही?"

"नाही घालत."

"कसली गं माणसं तुम्ही."

आता आईला काय सांगणार? आपल्याकडे माया म्हणजे पोटात चार घास जास्त घालणं. दारात आलेल्याला, गोठ्यातल्याला, जावयाला, सगळ्यांना हाच न्याय. मी स्वतः त्याच घरातली. टेकडीवर बोचऱ्या वाऱ्याकडे पाठ करून, खाली मान घालून उभी असलेली ती बघितली की माझेही हात शिवशिवतात. पण खडबडीत चारा आतड्यात आंबताना जी ऊब निघते तीच त्यांची शेगडी, आणि तो चारा टेकडीवर भरपूर आहे. झूल घातली तर कोटाचे केस दबतील आणि ओलावा आत कोंडेल. बाहेरून पेंढ्या आणून टाकल्या तर ती राठ गवत सोडून पेंढीजवळच उभी राहतील, एकमेकींना लाथा मारतील, आणि त्या गवताचं बी आणि खत निकस मातीत पडून फुलांचं वाटोळं होईल. बर्फाने जमीन दिवसेंदिवस झाकली गेली तर मात्र गवत टाकतात. तो निर्णय मोजपट्टी बघून होतो, आपल्याला भडभडून आलं म्हणून होत नाही.

याची दुसरी बाजूही आम्हाला प्रशिक्षणातच सांगितली होती. नेदरलँड्समध्ये ओस्टफार्डर्सप्लासेन नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरचं. तिथं कोनिक घोडी, हेक गुरं आणि तांबडी हरणं सोडून निसर्गाच्या हवाली केली होती. पण भोवती कुंपण होतं, लांडगे नव्हते, आणि कळप वाढत गेले. २०१७-१८ च्या कडक हिवाळ्यात तिथं तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. त्यातली बहुतेक वाचणारच नाहीत म्हणून वनरक्षकांनी गोळ्या घालून मारली. लोक खवळले, कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकू लागले, आणि शेवटी जनावरांची संख्या मर्यादित ठेवायचं ठरलं. मला त्या पेंढ्या फेकणाऱ्यांचा राग येत नाही. कुंपण घातलंत तर आतल्या जिवाची जबाबदारी तुमची, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पेंढी फेकून ती जबाबदारी पार पडत नाही, एवढंच. आधीच कमी जनावरं सोडायला हवीत आणि रोज बघायला हवीत. आमच्या कळपात म्हणूनच शिंगरं जन्माला येत नाहीत. सगळ्या माद्या आणि खच्ची केलेले नर.

जानेवारीत एका सकाळी धाकटी मला थोडी मागे दिसली. बाकीची वरच्या झुडपांशी आणि ती उतारावर, मागचा उजवा पाय सैल सोडून उभी. आता, घोडं मागचा एक पाय सैल सोडून उभं राहतं ते आरामासाठी, त्यात वावगं काही नाही. पुढचा पाय तसा सोडला तर दुखणं समजायचं. पण आराम करणारं घोडं थोड्या वेळाने पाय बदलतं. मी थांबले. ती बदलेना. आत्याबाई पुढे निघाली तशी हीसुद्धा निघाली, आणि उजवा पाय टेकवताना तिची मान खाली-वर झाली, कंबर एका बाजूला उचलली गेली. फोनवर तिच्या चालण्याचा व्हिडिओ घेतला, बाजूने एक आणि मागून एक. फोटो पाठवून उपयोग नसतो. व्यवस्थापकाला फोन केला, त्याने व्हिडिओ जनावरांच्या डॉक्टरांना पाठवला, आणि दुपारी डॉक्टर टेकडीवर हजर झाल्या.

पुढे घोडं कुठं पेंड खातं ते बघा. पाळीव घोडं असतं तर दावं लावून पाय उचलला असता. इथं तट्टाला दावं म्हणजे काय ते ठाऊक नाही, माणसाचा हात लागलाय तो वर्षातून एखाद्या वेळी. मग लोखंडी जाळीची फाटकं एकमेकांना जोडून कोपऱ्यात वाडगं उभं केलं, तोंडाशी निमुळतं. आम्ही पाच-सहाजण हात पसरून, एक अक्षर न बोलता, अर्धवर्तुळ करून संथपणे मागून चालत गेलो. घाई केली की उधळतात, आणि लंगडं जनावर उधळलं तर संपलंच. सगळी मदार आत्याबाईवर. ती वाडग्याच्या तोंडाशी थांबली, नाक फुरफुरवलं, आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला आटपाडीच्या माझ्या खऱ्या आत्याची आठवण झाली, आणि शिरली आत. मागोमाग बाकीची शिरली. धाकटीला आणि सोबतीला मास्तरणीला आत ठेवून बाकीच्यांना मोकळं केलं. एकटीला कोंडलं तर ती जाळीवर डोकं आपटून घेईल, म्हणून सोबत लागतेच.

गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर तिची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबला. तेव्हा मी तिला पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिलं. आयाळीत गॉर्सचे काटे गुंतलेले, नाकाच्या फिकट कातडीवर राठ, दहिवरलेल्या मिश्या. डॉक्टरांनी पाय मांडीवर घेऊन खूर चिमट्याने दाबत नेला. एका जागी ती गुंगीतसुद्धा दचकली. तिथं वाकड्या पात्याच्या चाकूने पापुद्रे काढत गेल्या. खडूच्या जमिनीत गारगोटीचे धारदार तुकडे असतात, तसला बारीक कपचा तळव्यात शिरून आत पू झाला होता. शेवटचा पापुद्रा निघाला आणि काळपट पातळ पू चिळकांडीसारखा बाहेर आला. वास असा, की धरायला उभा असलेला धट्टाकट्टा गडी तोंड फिरवून बसला. डॉक्टर म्हणाल्या, "छान." मग धुणं, शेक, पट्टी, वर चिकटपट्टीचं जाड बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. पट्टी बदलायची म्हणून दोघींना काही दिवस छोट्या कुंपणात ठेवलं. तेव्हा मात्र गवत दिलं, आणि ही बातमी मी आईला तातडीने कळवली.

लिदीचं काम कुणाला सांगितलं की लोक नाक मुरडतात, पण मला ते आवडतं. जंतांचं औषध सरसकट देत नाहीत. आधी प्रत्येकीच्या लिदीत जंतांची अंडी किती आहेत ते तपासतात, ग्रॅममागे दोनशेच्या वर गेली तरच औषध. कारण आयव्हरमेक्टिनसारखं औषध लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेणकिडे गेले की लीद जिरत नाही, आणि किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांची आणि वटवाघळांची उपासमार. म्हणजे नमुना हवा, तोही ताजा, आणि कुणाचा ते नक्की ठाऊक असलेला. त्यासाठी एकेकीच्या मागे दुर्बीण घेऊन तासन्‌तास उभं राहायचं. शेपूट उचलली रे उचलली की ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची, ती पुढे सरकली की पिशवी घेऊन जायचं, हवा काढून गाठ मारायची, नंबर लिहायचा. रविवारी पोस्ट बंद असतं, म्हणून नमुने एक रात्र आमच्या फ्रिजमध्ये राहतात, तीन पिशव्यांच्या आत, लोणच्याच्या बरणीच्या मागे. नवऱ्याने यावर जे उद्गार काढले ते इथं देत नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते मोकळ्या कुत्र्यांमुळे. फाटकावर पाटी आहे, कुत्रं बांधून न्या. "आमचा फक्त खेळतोय," हे उत्तर ठरलेलं. १९५३ च्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीवर जनावरांच्या मागे कुत्रं लागणं हा मालकाचा गुन्हा आहे आणि त्या कायद्यात घोडीही येतात. पण टेकडीवर उभं राहून कायदा सांगितला की माणूस चिडतो. मी दुसरं सांगते: हिची लाथ बसली तर तुमच्या कुत्र्याचा जबडा जाईल. लगेच पट्टा निघतो.

या जातीचा इतिहास कळल्यापासून मला मोजणीत कंटाळा येत नाही. एक्समूर हा पश्चिमेकडे सॉमरसेट आणि डेव्हनमध्ये पसरलेला माळ. दुसऱ्या महायुद्धात तिथली फाटकं उघडी राहिली, सैनिकांनी तट्टांवर नेमबाजी केली, मांसाच्या टंचाईत चोरट्यांनी ती पळवली. युद्ध संपलं तेव्हा जेमतेम पन्नासएक उरली होती. मेरी एदरिंग्टन नावाच्या बाईंनी लोकांना गोळा करून ती जगवली. आजची सगळी त्या पन्नासएक तट्टांचीच वंशावळ, आणि जगभरात मिळून काही हजारच. आपल्याकडची भीमथडीची तट्टं अशीच विस्मरणात गेली होती. लहानपणी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघायचे, तेव्हा भांडीकुंडी, कोंबड्या आणि वर एखादं पोर घेऊन चालणारं जे तट्टू मी बघायचे, त्याला काही नावगाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. त्या तट्टाचं पोट भरलंय का, पाय दुखतोय का, हे धनगराच्या बायकोला एका नजरेत कळत असणार. आम्हाला त्यासाठी तक्ते आणि मोजपट्ट्या लागतात.

मार्चअखेरीस फुलं यायच्या आत तट्टं टेकडीवरून काढतात. वाडगं, अर्धवर्तुळ, आत्याबाईची तीच नजर, मग ट्रेलर. यंदा कळप दुसऱ्या तालुक्यातल्या झुडपाळ माळावर गेला. तिथले लुकर वेगळे. त्यांच्यासाठी प्रत्येकीची टीप लिहायची असते, आणि धाकटीची लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: मागच्या उजव्या खुरात जानेवारीत पू झाला होता, आता भरलाय, तरी ओल्या दिवसांत बघत राहा. अंग अडीच. आयाळ डावीकडे, कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर. म्होरकीपासून लांब दिसली तर लगेच कळवा. कुणीतरी तिला गाजराची चटक लावली आहे, पिशवीच्या आवाजाला कान टवकारते, तेव्हा खिशात बिस्किटाचा पुडा असेल तर तो गाडीतच ठेवा. आणि उन्हात ती सगळ्यांत आधी झोपते, अगदी आडवी. फोन येतील.